शमा तांबोळीचा शोध

आमच्या घरात गाणं वाजायचं की नाही, हे अण्णांच्या ड्युटीवर ठरायचं. अण्णा म्हणजे माझे वडील, उर्सेच्या टोलनाक्यावर नोकरीला होते. पाळी संपेपर्यंत काचेच्या खोक्यात बसून ट्रकचे हॉर्न, बसचे हॉर्न आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं ऐकून ते घरी यायचे, तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे असायचे, आणि ते तसेच ठेवून ते जेवायला बसायचे. भाकरी हवी असेल तर एक बोट. आमटी हवी असेल तर वाटी नुसती पुढे सरकवायची, तीही आवाज न करता. आई त्यांच्याशी खुणांनी बोलायची, आणि रागावली की तिच्या खुणा मोठ्या व्हायच्या. त्यांची मोटरसायकल वळणावर दिसली की मी रेकॉर्डचं मशीन बंद करायचे, आई मिक्सर बंद करायची आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, तोंड बंद करायचे. अशा घरात मी डीजे झाले, हे लोकांना सांगितलं की त्यांना मी थट्टा करतेय असं वाटतं.

आमचं घर भाजे गावात, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं लेणी बघायला, नाहीतर लोहगड चढायला यायची, आणि उतरून आल्यावर त्यांना भूक लागायची, या दोन गोष्टींवर आईचा धंदा उभा होता. गडाखाली लोहगडवाडीत टपऱ्या होत्याच, पण तिथे मॅगी आणि भजी. बसून जेवायचं तर आमच्याकडे. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात आणि कोंबडीचा रस्सा. भात शिजायला लागला की वास रस्त्यापर्यंत जायचा आणि माणसं आपोआप चपला काढायची. आई बोर्ड लावायला तयार नव्हती. ‘वास येतोय की, बोर्ड कशाला?’ म्हणायची. ओसरीवर पाहुणे जेवत असायचे, आत चुलीपाशी भाकऱ्या थापल्याचा आवाज, आणि त्याच्यामागच्या खोलीत मी नि आबांचं मशीन.

आबांची पूर्वी ‘स्पीकर सर्व्हिस’ होती. आसपासच्या कुठल्याही लग्नात झाडावर कर्णा बांधायला आबाच चढायचे. तो धंदा कधीच बुडाला होता, पण त्यातल्या रेकॉर्डी एका लोखंडी ट्रंकेत राहिल्या होत्या. ही ट्रंक म्हणजे माझं विद्यापीठ. लोकांना आवडलेली गाणी वाजून वाजून पांढरी पडली होती. त्यांच्यावर सुई ठेवली की कांदा फोडणीला टाकल्यासारखा आवाज यायचा. पण ज्यांची कुणी कधी फर्माईश केली नाही, ती गाणी मात्र काळीभोर, कोरी. आणि त्यातली निम्मी डिस्को! त्या काळी डिस्कोची साथ आली होती म्हणे. हॉटेलातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी डिस्को काढला, बिस्किटवाल्यांनी जाहिरातीत डिस्को काढला, खताच्या कंपनीनं दुकानदारांना वाटायला डिस्को काढला. चालला एखादाच. बाकीचे सगळे आबांच्या ट्रंकेत येऊन झोपले. आबा ते गठ्ठ्यात आले म्हणून ठेवून घ्यायचे. ‘वाजवलं की पब्लिक उठून जातंय,’ एवढंच त्यांचं त्यावरचं मत होतं.

मी काय करायचे ते सांगते. प्रत्येक गाण्यात एक जागा अशी असते, जिथे गाणारा दम घ्यायला थांबतो आणि मागे ड्रम आणि बास गिटार दोघंच उरतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आता हे असंच चालू राहावं, आणि नेमका तिथे व्हायोलिनवाला घुसतो. मी त्या व्हायोलिनवाल्याला बाहेर काढायचे. मशीनची वायर कॉलेजसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरला जोडायची, गाणं आत घ्यायचं, आवडलेला तुकडा लांबवायचा, नको ते उडवायचं, गाणाऱ्याला थोडा उशिरा आत येऊ द्यायचं. झालं. बी.कॉम.ची पुस्तकं मशीनखाली, ते हलू नये म्हणून. गावात मात्र माझी काही किंमत नव्हती. गावाच्या लेखी डीजे म्हणजे ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर. माझा चुलतभाऊ तोंडावर म्हणायचा, ‘पमे, तुझ्या डीजेनं पत्रं बी हलत न्हाईत. मग डीजे कसला?’ (माझं नाव प्रमिला. पण ‘पमी’ एवढंच बाहेर पडायचं.) पत्रे हलवायचे दिवसही पुढे आले, आणि त्याची फळं आज भोगतेय. माझा डावा कान आता नावापुरता उरलाय. लेक बोलायला आली की आधी मला वळवून उजवीकडे उभी राहते.

आबांच्या मशीनची एक खोड होती. रेकॉर्डी दोन वेगांच्या असायच्या. मोठ्या तबकड्या सावकाश फिरणाऱ्या, तेहतीसच्या. छोट्या झपझप फिरणाऱ्या, पंचेचाळीसच्या. मशीनला त्यासाठी एक खटका होता. एका वरातीत ते मशीन बैलगाडीवरून पडलं आणि खटका पंचेचाळीसवर जो बसला तो बसलाच. तेव्हापासून आबांनी मोठ्या तबकड्या वाजवायचं सोडून दिलं आणि छोट्यांवर धंदा केला. मीही छोट्याच वाजवायचे. घरात दुसरं मशीन नव्हतं, त्यामुळे यात काही बिघडतंय असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं.

तर त्या छोट्यांमध्ये एक सापडली. मधल्या कागदावर ओल चढून बुरशी धरलेली. गाणाऱ्याच्या नावातलं ‘शम’ आणि शेवटचं ‘तांबोळी’ एवढंच वाचता येत होतं. सुई ठेवली आणि मी ताठ झाले. बास गिटार अशी पळत होती की जणू तिची गाडी सुटतेय. आणि वर एका बाईचा आवाज. बारीक, चटपटीत, जरासा चावट:

‘थांब गं राणी, घाटात धुकं,
तुझ्यावाचून बघ गाव माझं मुकं.’

‘आबा, ही शमा तांबोळी कोण?’ मी विचारलं. आबांनी डोकं खाजवलं. ‘आसंल येखादी हाटेलात गाणारी. पर बाई बाईला राणी का म्हणतीय?’ ‘मैत्रीण असेल.’ ‘मंग गाडी हीच चालवत आसंल,’ आबा म्हणाले आणि त्यांच्यापुरता विषय संपला. माझा सुरू झाला. ते गाणं मी इतक्या वेळा वाजवलं, तोडलं, जोडलं, की आई भाकऱ्या त्याच्या ठेक्यावर थापायला लागली. तिला ते कळतही नव्हतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडं आजकाल भाकऱ्या लवकर होतात.

अशाच एका रविवारी निखिल आला. मुंबईचा, लांब केसांचा, गड चढून पाय आखडलेला. ओसरीवर जेवत होता. आतून शमा सुरू झाली आणि त्याचा घास हातातच राहिला. ‘मावशी, हे काय वाजतंय?’

‘पोरगी हाय माजी. तरास होतोय का? बंद करायला सांगते.’

‘नको! प्लीज, बंद नका करू!’ असं म्हणून तो अर्धी भाकरी टाकून उठला आणि उष्ट्या हातानं मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आईनं ती अर्धी भाकरी त्याला शेवटपर्यंत माफ केली नाही. निखिलचा उद्योग असा होता की जुनी, कुणाला माहीत नसलेली नाचाची गाणी शोधायची, ती माझ्यासारख्या कुणाकडून नव्यानं बेतून घ्यायची आणि परदेशातून त्यांच्या थोड्याशा रेकॉर्डी छापून आणायच्या. खऱ्याखुऱ्या, काळ्या, गोल. जगात अशा वेड्यांचं एक गाव आहे आणि ते गाव माझं गाणं विकत घेईल, हे तो मला उष्ट्या हातांनी समजावत होता. मी पहिल्यांदाच ऐकत होते की मी जे करते त्याला नाव आहे, आणि ते करणारी मी एकटी नाही. त्याची एकच अट होती. रेकॉर्ड कंपनी केव्हाच बंद पडली होती. पण गाणारी जिवंत असेल तर तिची परवानगी मिळाल्याशिवाय तो काही छापणार नव्हता.

मग शोध सुरू झाला. तळेगावात एक शमा तांबोळी मिळाल्या, निवृत्त नर्स. त्यांनी आम्हाला चहा-पोहे दिले, गाणं लक्ष देऊन ऐकलं, आणि म्हणाल्या, ‘हे मी गायलेलं नाही. पण तुम्ही एवढ्या लांब आलाय तर आता गाते.’ आणि गायल्यासुद्धा, तीन कडव्यांचं दुसरंच काहीतरी. आणखी एका शमाबाईंच्या जावयानं आम्हाला दारातूनच हाकललं. इकडे निखिलला धीर नव्हता. त्यानं वेष्टनावरचं चित्रही काढून घेतलं: मागे धुकं, पुढे मोठ्या गोल रिंगा घातलेली बाई, डोळे अर्धे मिटलेले. पाठीमागे छापायला एक लेख लिहिला, की घाटातल्या धुक्यात एका बाईनं दुसऱ्या बाईला गाण्यातून घातलेली ही साद काळाच्या किती पुढची होती वगैरे. तुंगार्लीतल्या त्याच्या मित्राच्या बंगल्यावर रेकॉर्डच्या प्रकाशनाचा दिवसही ठरवून टाकला आणि शंभर जणांना कळवलंही, की खुद्द शमाजी येणार आहेत. घरी अण्णांनी एका जेवणाला उजव्या कानातला बोळा काढला, म्हणजे विषय गंभीर होता. ‘रेकॉर्ड निघाली तर निघाली,’ ते म्हणाले. ‘न्हाई निघाली तर तळेगावच्या कंपनीत मी शब्द टाकलाय. पॅकिंगला.’ आणि बोळा परत घातला. म्हणजे आता माझी सगळी मदार, जिला कुणी पाहिलं नाही अशा एका बाईवर होती.

शनिवारची कोंबडी आणायला आई लोणावळ्याच्या बाजारात जायची. त्या शनिवारी ती परत आली, पिशवी ठेवली, तांब्याभर पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘तुमची शमा घावली.’

मी उडालेच. ‘कुठे?’

‘बाजारात. कोंबड्या कापतीय.’

झालं होतं असं. आई नेहमीच्या दुकानात रांगेत उभी होती. चाचांचं दुकान, जिथून ती वर्षानुवर्षं कोंबडी आणत होती. चाचांचं नाव काय हे तिनं कधी विचारलं नव्हतं. उभ्या उभ्या ती सवयीनं तेच गाणं गुणगुणत होती. ओंडक्यावर चाचांची सुरी चालू होती, ती थांबली. ‘वैनी,’ ते म्हणाले, ‘येवढं पळवू नका. हळू म्हना. ते गानं हळू हाय.’ आई म्हणाली, ‘आमच्या घरी रोज वाजतंय, मला ठाऊक हाय कसं हाय ते. तुमाला काय म्हाईत?’ त्यावर चाचा सुरीचं टोक ओंडक्यात रोवून म्हणाले, ‘माजंच हाय.’

‘मग तू काय म्हणालीस?’ मी विचारलं.

‘म्हनले, बरं, तंगडी जरा बारीक करा.’

त्यांचं नाव शमशुद्दीन तांबोळी. बुरशीनं मधलं खाल्लं होतं. निखिलला फोन केला. तो म्हणाला, ‘पण रिंगा छापायला गेल्यात.’

आम्ही गेलो तेव्हा दुकानात दुपारची तीन-चार गिऱ्हाइकं होती. निखिलनं स्वतःचं पेटीसारखं छोटं मशीन आणलं होतं, मी रेकॉर्ड पिशवीत घालून आणली होती. चाचा म्हणजे दरवाजाएवढा माणूस. मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर लाल चौकड्यांचा पंचा आणि आवाज असा की गिऱ्हाइकानं भाव केला तर पिंजऱ्यातल्या कोंबड्या गप्प व्हाव्यात. या गळ्यातून ती चटपटीत बाई निघाली असेल हे मला पटेना. मी फोनवर माझं गाणं लावलं. ते ऐकता ऐकता चाचांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. पुरतं ऐकून न घेताच ते म्हणाले, ‘बंद कर, पोरी.’

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात गायचे. हॉटेलच्या मालकाला हौस आली आणि त्यानं रेकॉर्ड काढली. आकार छोटा, पण त्यावर जास्त गाणी बसावीत म्हणून वेग मोठ्या तबकडीचा ठेवला होता, तेहतीसचा. रेकॉर्ड आली त्या दिवशी चाचा नवा सदरा घालून बाजारातल्या रेडिओवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. सोबत सगळे दोस्त. दुकानदारानं छोटी तबकडी बघितली आणि लावली पंचेचाळीसवर. ‘समदा बाजार हसला,’ चाचा म्हणाले. ‘मी सांगतोय वेग चुकलाय, वेग चुकलाय, कुनी ऐकंना. दुसऱ्या दिवसापासनं मी शमाबाई झालो. भाजीवाला शमाबाई म्हनायचा. टांगेवाला शमाबाई म्हनायचा. पोरगी बघायला गेलो तर तितं बी कुनीतरी सांगितलं. म्हातारे मेले तवा कुटं ते नाव गेलं.’ त्यानंतर ते गायले नाहीत. उरलेल्या रेकॉर्डी मालकानं भंगारात काढल्या; त्यातल्याच काही आबांच्या गठ्ठ्यात आल्या असणार.

‘आता तुमी म्हनताय, परत बाजारात बाई हो,’ चाचा म्हणाले. ‘ते होनार न्हाई.’ आणि त्यांनी सुरी उचलली. ‘चला, गिऱ्हाईक हाय.’

मला रडू आवरत नव्हतं. मला पॅकिंगचा हॉल दिसत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे मला त्या माणसाचा नवा सदरा दिसत होता. मी नाक पुसत म्हटलं, ‘चाचा, मी ते तुमच्या वेगात कधी ऐकलंच नाही. आमच्या मशीनला तो वेगच नाही. एकदा ऐकू द्या. मग जातो.’ चाचांनी उचललेली सुरी ओंडक्यावर ठेवली. निखिलनं घाईघाईनं अंड्यांच्या ट्रेवर मशीन ठेवलं, खटका तेहतीसवर सरकवला आणि सुई टेकवली.

बास गिटार पळत नव्हती. ती चालत होती, खिशात हात घालून, घाई नसलेल्या माणसासारखी. ड्रम तिला वाट देत होते. आणि मग तो आवाज आला. भरदार, किंचित ओला, तरुण पुरुषाचा. ‘थांब गं राणी...’ चावटपणा कुठल्या कुठे गेला होता. हा खरोखरच कुणालातरी थांबवत होता. रांगेतल्या एका बाईनं पिशवी खाली ठेवली. मी ज्या गाण्यातली प्रत्येक थाप तोंडपाठ केली होती, ते गाणं मी पहिल्यांदा ऐकत होते. चाचा ओंडक्याकडे बघत उभे होते, आणि त्यांची दाढी हलत होती.

दुकानाच्या मागे घर होतं. मधला पडदा सरकला आणि भाभी बाहेर आल्या. चाचांच्या बायको, मेहरूनभाभी. ठेंगण्या, हातात लसूण सोलायचं ताट. ‘कोन गातंय?’ त्यांनी विचारलं.

रांगेतल्या बाईनं चाचांकडे बोट दाखवलं.

भाभींनी चाचांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, परत चाचांकडे पाहिलं. ‘ह्यो?’ त्या म्हणाल्या. ‘ह्यो मानूस? चार पोरं झाली, नातवंडं झाली, आन माज्याशी ह्यो कोंबडीच्या भावाबिगर कंदी बोलला न्हाई! असा आवाज व्हता तर मला का न्हाई दिला?’ चाचा पंच्यानं हात पुसायला लागले. हात कोरडेच होते. ‘तुला कुनी सांगितलं असतं तर तू बी हसली असतीस,’ ते पुटपुटले. मग भाभींनी सगळी हकिकत आमच्याकडून काढून घेतली आणि म्हणाल्या, ‘लावा ती बाई पन. बघू तरी.’

‘नको,’ चाचा म्हणाले.

‘लावा वो तुमी.’

निखिलनं चाचांकडे न बघता खटका सरकवला. शमा सुरू झाली. भाभी हसायला लागल्या. अशा हसल्या की ताट बाजूला ठेवून रिकाम्या क्रेटवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. रांगेतली बाई हसली, मी हसले, आणि मला वाटलं आता संपलं, आता सुरी येणार. पण भाभींनी डोळे पुसले. ‘आवो, किती गुनाची हाय!’ त्या म्हणाल्या. ‘तुमची भन असती तर अशीच असती. माजं हिच्याशी पटलं असतं.’ आणि चाचांकडे बघून: ‘ते हसले ते हसले. मेले बी. आता आमी हसलो तर काय बिगडलं?’ मग चाचांच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी मला खोकला वाटला. ते हसत होते.

अटी मात्र त्यांनी घातल्याच. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला त्यांचा वेग, त्यांचा आवाज. बाई दुसऱ्या बाजूला. नाव पूर्ण छापायचं, शमशुद्दीन, एकही अक्षर न गाळता. आणि रिंगा नकोत. निखिल म्हणाला, चित्र नव्यानं करू, तारीख पुढे ढकलू. लेख तर त्यानं त्याच दुपारी फाडला. येताना चाचांनी आईसाठी कोंबडी दिली आणि पैसे घेतले नाहीत, याचं आईला गाण्यापेक्षा जास्त कौतुक. मला नवीन काम पडलं. हळू चालीचं गाणं लांबवणं फार अवघड. पळणाऱ्या गाण्यात चुका लपतात, चालणाऱ्यात दिसतात. महिनाभर मी त्यावर बसले आणि आमच्याकडच्या भाकऱ्या उशिरा व्हायला लागल्या. लोक मला विचारतात, दोन्हीतली कुठली बाजू चांगली. मी जाणत्यासारखी म्हणते, पहिली. खरं सांगायचं तर मला अजूनही ती पळणारी बाईच आवडते. पण हे चाचांना मी कधी कळू दिलं नाही.

प्रकाशनाला दुपारी तुंगार्लीच्या त्या बंगल्याच्या हिरवळीवर मुंबई-पुण्याची गर्दी जमली. निखिलनं लोकांना नवी तारीख कळवली, तेव्हाच शमाजींचंही सुधारून कळवायला हवं होतं. तो विसरला, की त्याचा धीर झाला नाही, हे मला आजही ठाऊक नाही. आबा कोट घालून आले होते. आई स्वयंपाकघर बघून आली आणि म्हणाली, भांडी चांगली आहेत, मीठ कुठे दिसत नाही. अण्णा रजा टाकून आले, बोळ्यांसकट. चाचा पांढराशुभ्र सदरा घालून फाटकातून आत आले, मागे निळ्या साडीत भाभी. फाटकापाशी काळा चष्मा घातलेल्या एका मुलीनं त्यांना अदबीनं विचारलं, ‘काका, शमाजी आल्या का?’

चाचांनी तिच्याकडे वरून खाली बघितलं. ‘येतीय,’ ते म्हणाले. ‘तयार व्हतीय.’

मी दोन मशीनं मांडून उभी होते. दोन्हींवर तीच नवी रेकॉर्ड, अजून शाईचा वास येणारी. ठरलं होतं असं, की मी नुसता ड्रम आणि बासचा तुकडा वाजवत राहायचं. एकीवरचा संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, म्हणजे तो न तुटता हवा तेवढा चालतो. आणि त्यावर चाचांनी माईकवर गायचं. निखिलनं नाव पुकारलं, ‘शमशुद्दीन तांबोळी’. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते मान उंचावून चाचांच्या मागे बघायला लागले, बाई कुठून येतेय म्हणून. चाचांनी माईक हातात धरला. सुरी धरतात तसा, घट्ट. आणि गायले. आवाज म्हातारा झाला होता, कडेला घासत होता, पण तोच होता. पहिल्या ओळीला कुजबुज झाली, दुसऱ्या ओळीला ती थांबली. बघता बघता लोक हलायला लागले. उड्या नाहीत, काही नाही, नुसते पायावरून पायावर. काळ्या चष्म्याच्या मुलीनं चष्मा काढला.

पहिलं कडवं झालं आणि चाचा थांबले. मला वाटलं, दम घेतायत. मी तुकडा फिरवला. परत फिरवला. चाचा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत काही म्हणजे काही नव्हतं. दुसरं कडवं साफ गेलं होतं. मी डाव्या मशीनवरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर, सुई सटकू नये म्हणून ती अलगद उचलत, तोच तुकडा चालवत राहिले. लोकांना वाटत होतं हे असंच आहे. ते नाचत होते. पण चाचांचा पांढरा सदरा पाठीवर भिजत चालला होता आणि त्यांची नजर फाटकाकडे जायला लागली होती.

‘वळनावळनाला दिवा मी लावीन!’

पहिल्या रांगेतून आवाज आला. भाभी खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या. चाल नव्हती, सूर नव्हता; घरात नवऱ्याला औषधाची गोळी विसरल्याबद्दल झापावं तसं त्या म्हणत होत्या. ‘चुकलीस वाट तर हाक मी मारीन! येवढं बी ध्यानात न्हाई?’ तेवढ्या महिन्यांत दुकानामागच्या खोलीत त्यांनी ते गाणं चाचांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, कुणास ठाऊक.

सगळी हिरवळ त्यांच्याकडे बघायला लागली. चाचांनी माईक तोंडाशी नेला, दुसरा हात बायकोच्या दिशेनं लांब केला, आणि लोकांना म्हणाले, ‘इचारत व्हता ना मगाधरनं? ही शमा.’

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला माझेच ड्रम ऐकू येईनात. भाभींनी पदर तोंडावर ओढला, आणि पदराआडून ओरडल्या, ‘आवो, गानं म्हना की आदी!’